मंगळवार म्हणजे लांब बोल्ट

माझ्या धाकट्या भावाला सगळे बारक्या म्हणतात. तो दारातून वाकून आत येतो, त्याच्या बुटात मांजर पाय पसरून झोपेल, आणि साठी उलटली तरी नाव बारक्याच. लहानपणी खरंच काडीपैलवान होता. मग एका सुट्टीत जो वाढत सुटला तो थांबेचना, नाव मात्र मागेच राहिलं. मी त्याची ताई. माझं डोकं त्याच्या खांद्यालाही लागत नाही, पण घरात चालतं माझं. निदान हे सगळं घडेपर्यंत तरी मी तसं समजत होते.

आम्हा दोघांचं घर एकच. वर मी, खाली तो, आणि त्याच्या खोलीला लागून गॅरेज. त्या गॅरेजने गाडी कधी पाहिली नाही. तिथे असायचे ट्रॅक्टर. शेतातले धूड नव्हेत, तर घरामागच्या बागेत गवत कापायला, मातीची ढकलगाडी ओढायला पूर्वी लोक घ्यायचे ते बुटके ट्रॅक्टर. एक माणूस कसाबसा मावेल एवढी लोखंडी बैठक, पुढे एकाच सिलिंडरचं इंजिन, आणि हातगाडीला शोभतील अशी चाकं. ते बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडले. लोकांनी ट्रॅक्टर भंगारात काढले आणि माझ्या भावाने ते भंगारातून घरी आणले. वायरमनची नोकरी सुटल्यापासून त्याला दुसरा उद्योगच नव्हता. एक आणायचा, खिळाखिळा सुटा करायचा, गंज घासायचा, पुन्हा जोडायचा, रंगवायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायचा आणि कुणाला तरी देऊन टाकायचा. मग दुसरा.

"अरे, चालायला लागला की देऊन का टाकतोस?" असं मी एकदा विचारलं.

"चालायला लागल्यावर त्यात करण्यासारखं काय उरतं?" तो म्हणाला.

मी कपाळाला हात लावला आणि वर गेले.

माझं स्वतःचं बटणांचं दुकान होतं. बटणं, हूक, चेनी, दोरे. लोकांना वाटतं त्यात काय मोठं? बसा एकदा आणि दोन भोकांची, चार भोकांची, मागून टाका घालायची, शर्टाची, कोटाची, उशीच्या अभ्र्याची अशी बटणं न चुकता वेगळी करून दाखवा. माझ्या दुकानात आंधळ्याने हात घातला असता तरी हवं ते बटण मिळालं असतं. पसारा मला सहन होत नाही. आणि बारक्याचं गॅरेज म्हणजे पसाऱ्याचं माहेरघर. फळ्यांवर, खिडकीत, जमिनीवर, जिकडे बघावं तिकडे रंगाचे रिकामे डबे, अंड्यांचे ट्रे, बशा, आणि सगळ्यांत चार चार, पाच पाच खिळेमोळे. काही तर तारेत ओवून टांगलेले. मी वर्षानुवर्षं दारातूनच नाक मुरडून परत फिरत होते, कारण आत पाऊल टाकायचं नाही हा आमच्यातला करार होता.

तो करार मी मोडला, ती वेळच तशी होती.

बारक्या एका सकाळी गॅरेजमध्येच कोसळला. एक नारिंगी ट्रॅक्टर त्याने नुकताच शेवटच्या स्क्रूपर्यंत सोडवला होता. डोक्यातली रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी जीव वाचवला, उजवा हात-पाय दुबळा झाला पण राहिला, आणि वाचा गेली. म्हणजे अगदी गेली असंही नाही. एक शब्द तेवढा मागे राहिला. का, कसा, कुणास ठाऊक. तो शब्द होता "मंगळवार".

पाणी हवंय? "मंगळवार." दुखतंय? "मंगळवार." मला ओळखलंस का रे? तर माझ्याकडे बघून, डोळ्यांत पाणी आणून, "मंगळवार, मंगळवार." हसावं की रडावं मला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

"त्यांना सगळं समजतंय," डॉक्टर म्हणाले. "विचारही शाबूत आहे. विचारापासून जिभेपर्यंतचा रस्ता तेवढा बंद झालाय. नवा रस्ता पाडावा लागेल, आणि तो बोलूनच पडतो."

त्या दिवसांत घरी आले की मला चैन पडायचं नाही. मनाला काळजी लागली की माझे हात काम मागतात. आणि एका दुपारी मी ते गॅरेज उघडलं. म्हटलं, येईल तेव्हा त्याला सगळं लख्ख दिसू दे. दुकानातल्या काचेच्या बरण्या माळ्यावर पडून होत्या, त्या खाली काढल्या, धुतल्या, पुसल्या. मग एकेक डबा उपडा केला. बोल्ट एकीकडे, नट एकीकडे, वायसर एकीकडे. त्यातही लहान, मधले, मोठे. तारेत ओवलेले सोडवून ज्याच्या त्याच्या बरणीत टाकले. रॉकेलने घासून चमकवले सुद्धा. काम संपलं तेव्हा फळीवर बरण्यांची अशी सुरेख ओळ लागली होती की मी स्वतःवरच खूष झाले. हॉस्पिटलात जाऊन त्याला सांगितलंही, "घरी चल, तुझ्यासाठी गंमत आहे."

घरी आल्यावर मात्र तो गॅरेजचं नाव काढेना. नाव काढणार तरी कसा म्हणा. पण तिकडे बघतही नव्हता. खिडकीशी खुर्चीत बसून राहायचा. बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट मुलगी यायला लागली. चटपटीत पोरगी, आवाज गोड, पिशवीत चित्रांची कार्डं. छत्री, सफरचंद, पोपट, चमचा.

"काका, हे काय आहे?"

बारक्या पोपटाकडे बघायचा, मग तिच्याकडे, मग भिंतीकडे. आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस. त्याला कुणी पोपट दाखवून विचारतंय, हे काय आहे. मला त्याचा राग कळत होता, आणि त्याचा रागही येत होता.

"म्हण ना रे! पो... पो..." मी मागून.

"काकू, तुम्ही नका सांगू," ती.

पालथ्या घड्यावर पाणी. असं बरेच दिवस चाललं, आणि एकदा जाताना तिने मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाली, "काकू, स्पष्ट सांगते. हे पहिले काही महिनेच सगळ्यात मोलाचे असतात. आत्ता त्यांनी धडपड केली तर बरंच परत येईल. पण ते तोंडच उघडत नाहीत. असंच राहिलं तर पुढे मला फारसं काही करता येणार नाही."

हा माणूस असाच खिडकीशी बसून राहणार, आणि मी वरून खाली येऊन त्याला मंगळवार मंगळवार ऐकत जेवू घालणार. मला बोलणारा भाऊ हवा होता. तसा तो आधीही फार बोलायचा नाही, पण जे बोलायचा ते मला चिडवायला पुरेसं असायचं. माझं सगळं आयुष्य त्या चिडण्यावर चाललं होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याला दंडाला धरून उठवलं आणि गॅरेजमध्ये नेलं. "बघ तर खरं," म्हणत दार उघडलं, दिवा लावला.

तो उंबऱ्यात उभा राहिला. फळीवरच्या बरण्या त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. मग मोकळी जमीन पाहिली. मग काठी टाकून एक बरणी उचलली, आतले बोल्ट किंचित हलवले, आणि खाली ठेवली. मला वाटलं, आता हसेल. तो उलट्या खोक्यावर बसला, डाव्या हाताने तोंड झाकलं, आणि त्याचे एवढे मोठे खांदे हलायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं.

काय बिघडलं ते मला संध्याकाळी वेल्डरने सांगितलं. हा बारक्याचा मित्र. त्यालाही हाच नाद, फक्त तो हिरव्या रंगाच्या ट्रॅक्टरांचा भक्त, आणि नारिंगी की हिरवा यावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपलेली असायची. तो गॅरेजमध्ये शिरला आणि शिट्टी वाजवता वाजवता थांबला.

"ताई, हे कुणी केलं?"

"मी. का?"

"अहो, तो पसारा नव्हता हो." त्याने कपाळ पुसलं. "एक डबा म्हणजे ट्रॅक्टरची एक जागा. हा पुढच्या चाकाचा, हा ब्रेकचा, हा कार्बोरेटरचा. डावीकडचं डाव्या फळीवर, उजवीकडचं उजव्या. तारेत ओवलं म्हणजे ज्या क्रमाने सुटलं त्याच क्रमाने चढवायचं. आम्ही सगळे असंच करतो. जुन्या यंत्रात दोन बोल्ट दिसायला जुळे असले तरी सारखे नसतात. ज्या भोकातला त्याच भोकात जातो."

"मग आता?"

"आता हा ट्रॅक्टर फक्त बारक्याच्या डोक्यात आहे," तो म्हणाला, आणि पुढचं बोलायचं टाळून बाहेर बघायला लागला.

मी त्याच्या डोक्यातलं तेवढंच काय ते बाहेर उरलेलं, तेही उपडं करून, घासून, मिसळून ठेवलं होतं. आणि वर लख्ख दिसतंय म्हणून त्याला बघायला नेलं होतं.

वेल्डर भला माणूस. म्हणाला, हवं तर मी हे सगळं घेऊन जातो, नजरेआड होईल. मी नको म्हटलं. रागाने म्हटलं, पण तो राग माझ्यावरच होता. मी बिघडवलंय, मीच जोडणार. त्यात काय एवढं, बटणं लावल्यासारखंच असणार.

अज्ञानात सुख असतं म्हणतात ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुना एप्रन चढवला, बारक्याची खुर्ची गॅरेजच्या दारात आणून त्याला तिच्यात बसवलं, आणि म्हटलं, "तू बघ किंवा नको बघू. मी सुरू करतेय." तो भिंतीकडे तोंड करून बसला. मी इंजिनापासून सुरुवात केली, कारण तेच तेवढं ओळखू येत होतं. इंजिनाच्या पुढे एक पंखा असतो आणि त्यावर पत्र्याचं झाकण. झाकणाला चार भोकं. मी मधल्या बरणीतून चार बोल्ट घेतले, छान एकसारखे, आणि पान्याने आवळायला लागले. तीन झाले. चौथा अर्धा आत गेला आणि मागून गर्जना झाली.

"मंगळवार!"

मी दचकून पाना पाडला. बारक्या खुर्चीत पुढे झुकला होता, चेहरा लालबुंद, डावा हात हवेत.

"मंगळवार! मंगळवार, मंगळवार!"

"हा नको?"

"मंगळवार!" म्हणजे नको. मी बोल्ट काढला. मग बरणीच पुढे धरली. त्याने एकेक उचलून बघितला, टाकला, उचलला, टाकला, आणि शेवटी एक हातात दिला. बोटाच्या पेराएवढा आखूड. मी तो लावला, आणि मग सहज बाजूच्या फटीतून बोटाने पंखा फिरवत आत डोकावले. त्या चौथ्या भोकामागून पंख्याची पाती जेमतेम सुटून जात होती. लांब बोल्ट लागला असता तर इंजिन सुरू होताच सगळी पाती मोडली असती.

"मंगळवार," बारक्या म्हणाला. हा वेगळा मंगळवार होता. याचा अर्थ होता, कळलं का आता, शहाणे?

त्या दिवसापासून आमचं काम सुरू झालं. मी त्याचे हात, तो माझं डोकं. मी बरणीतून काढायची, दाखवायची, आणि तो मंगळवार म्हणायचा. चढता मंगळवार म्हणजे अजून आवळ. उतरता म्हणजे पुरे. तुटक म्हणजे चुकलं. लांब ओढलेला म्हणजे तो आधीचा लांब बोल्ट दे. माझी तर चंगळच झाली. मी सगळं ओळखायला लागले. त्याने नुसता श्वास घेतला तरी मी म्हणायची, "वायसर राहिलं ना? लावते, लावते." एकदा मी ब्रेकची स्प्रिंग उलटी लावली तेव्हा त्याच्या तोंडून खणखणीत निघालं, "अगं मठ्ठ!" दोघंही थक्क झालो. लहानपणी मी त्याला जे म्हणायची तेच. मी आनंदाने त्याच्या गालाचा पापा घेतला, ग्रीसच्या हातासकट. पण तो शब्द पुन्हा मागितला तर येईना. शिव्या म्हणे डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात, त्या आपल्या आपण सुटतात.

थेरपिस्ट आली तेव्हा मी तिला मोठ्या तोऱ्यात गॅरेजमध्ये नेलं. "तुझी कार्डं राहू दे आत. इथे बघ." आणि आम्ही दोघांनी तिच्यासमोर मागचं चाक चढवून दाखवलं. एक नट चुकला नाही. मी वळून तिच्याकडे पाहिलं, कौतुकाच्या अपेक्षेने.

तिने चाकाला हात लावून पाहिलं. मग म्हणाली, "काकू, जागा तुम्ही बरोबर शोधलीत. माझ्या पोपटापेक्षा हे शंभरपट चांगलं. पण एक सांगू? रागावू नका."

ही प्रस्तावना केली की माणूस आधीच रागावतो.

"तुम्ही त्यांचं सगळंच ओळखता. त्यांना बोलायची गरजच पडत नाही. एका शब्दात ज्याचं सगळं काम होतंय, तो दुसरा शब्द कशाला शोधेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला काय माहीत? हा दोन वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याचं ओळखत आलेय. पाहुण्यांनी नाव विचारलं तर मी सांगायची. शाळेत बाईंनी काही विचारलं की हा माझ्या वर्गाच्या खिडकीकडे बघायचा. दुकानात सामान मागायचं तर मी. पुढे त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो तिथेही बोलले मीच, आणि ती मुलगी नको म्हणाली. त्याबद्दल तो मला कधी एक अक्षर बोलला नाही.

हे सगळं मी तिला ऐकवायला तोंड उघडलं, आणि बारक्याकडे नजर गेली. तो तिच्याकडे बघत होता. मान हलवत होता. हळू, पण अगदी स्पष्ट. पहिल्यांदाच त्याला तिचं काहीतरी पटलं होतं.

मी तोंड मिटलं. फार कडू लागलं.

"काय करू मी?" मी विचारलं.

"काही करू नका," ती म्हणाली. "ते मंगळवार म्हणाले की कळलं नाही म्हणा. आणि थांबा. कितीही वेळ लागला तरी शब्द पुरवू नका."

सांगायला काय जातं? ज्या बाईने जन्मात कधी गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तिला सांगायचं मूग गिळून बस. पहिल्या दिवशी बारक्याने पट्ट्याच्या पुलीकडे बोट दाखवून मंगळवार म्हटलं. मला लख्ख कळलं होतं, पुली उलटी बसलीय. मी म्हटलं, "कळलं नाही."

त्याने मोठ्याने म्हटलं. मी म्हटलं, "कळलं नाही रे."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याचा विश्वासघात केलाय. मग पाना उचलून भिंतीवर फेकला, डाव्या हाताने, आणि काठी टेकत आत निघून गेला. दोन दिवस त्याने गॅरेजकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मी जेवण वाढायची आणि वर जाऊन रडायची. मनात म्हणायची, भीक नको पण कुत्रा आवर. नको त्याचे शब्द, माझा मंगळवारच बरा होता. पण वेल्डर आला की त्याच्याजवळ तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण त्यालाही थेरपिस्टने पढवून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर खुर्ची रिकामी. तो गॅरेजमध्ये होता. पुलीसमोर बसला होता. मी गेले, शेजारी बसले, आणि काही बोलले नाही.

त्याने पुलीवर हात ठेवला. ओठ जुळले, सुटले. घसा आवळला. कपाळावर शीर उभी राहिली. "मं..." म्हणाला आणि स्वतःच थांबला, मान झटकली. मी माझ्या दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाबून धरली. माझ्या तोंडात तो शब्द तयार होता, जिभेच्या टोकावर नाचत होता. बारक्याला जड ओझं उचलताना बघत बसायचं आणि हात लावायचा नाही, असं वाटत होतं ते.

"उ..." तो म्हणाला. "उल..."

मी श्वास रोखला.

"उलटं."

पुढे मी काय केलं ते विचारू नका. पुली सुलटी केली, एवढं सांगते. नट माझ्या हातून चारदा खाली पडला, आणि प्रत्येक वेळी बारक्या खुर्चीतून म्हणत होता, "उलटं. उलटं. उलटं." आता नट उलटा नव्हता, काहीच उलटं नव्हतं, पण त्याला तो शब्द हातातून सोडवत नव्हता.

मग हळूहळू आले. आखूड. लांब. घट्ट. तेल. सोपं नव्हतं. कधी पाना मागायचा तर चमचा म्हणायचा आणि स्वतःच वैतागायचा. कधी सकाळी असलेला शब्द दुपारी नसायचा. थकला की सगळंच पुन्हा मंगळवार. मी शिकले ते एवढंच, की त्याचा चेहरा ताणला की आपण बरणीतल्या वायसरकडे बघत राहायचं. बरण्यांनी मात्र मोठी कामगिरी केली. सगळं मिसळलेलं असल्यामुळे प्रत्येक बोल्ट शोधावा लागायचा, आणि प्रत्येक बोल्ट शोधायला त्याला काहीतरी म्हणावंच लागायचं. वेल्डर एकदा म्हणालाही, "ताई, तुम्ही पसारा नीट केलात हे बरंच झालं म्हणायचं." मी त्याला म्हटलं, आवळा देऊन कोहळा काढू नकोस, कौतुकावर चहा मिळणार नाही. मग चहा दिला.

ट्रॅक्टर पुरा झाला तेव्हा गॅरेजच्या जमिनीवर एकही सुटा भाग उरला नाही. बरणीत दोन-चार वायसर उरले, ते कुठले हे आजही कुणाला माहीत नाही. वेल्डर म्हणतो, उरायलाच हवेत, नाही उरले तर शंका घ्यावी.

सुरू करायच्या दिवशी थेरपिस्टही आली. सुट्टी असून आली. गॅरेजचं मोठं दार सताड उघडलं, समोर अंगणात ऊन पडलं होतं. वेल्डरने बारक्याला आधार देऊन बैठकीवर बसवलं, उजवा हात स्टिअरिंगवर ठेवला. त्या बुटक्या ट्रॅक्टरवर तो असा दिसत होता, जणू लहान मुलाच्या सायकलवर बाप बसलाय. वेल्डरने इंजिन सुरू करायची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. खोकल्यासारखा आवाज आणि गप्प.

"चोक," बारक्या म्हणाला. अगदी सहज. वेल्डरने चोक ओढला आणि दोरीला असा हिसडा दिला की तोच मागे पडायचा. इंजिन फटफटलं, अडखळलं, निळा धूर सोडला आणि सूर धरला. टक टक टक टक. पंखा फिरत होता, पाती शाबूत होती.

मला भान राहिलं नाही. मी ट्रॅक्टरसमोर उभी राहून ओरडायला लागले. "बारक्या, हळू घे! क्लच सोड हळू! अहो वेल्डर, मागचं चाक बघा! अरे, उजवीकडे खड्डा आहे, डावीकडून घे, डावीकडून!" इंजिनाच्या आवाजावर माझा आवाज. थेरपिस्ट मला काहीतरी खुणावत होती, ते मला दिसलं आणि मी दुर्लक्ष केलं. आज कसले नियम?

बारक्याचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. त्याने हाताने खूण केली असती तरी चाललं असतं. मंगळवार म्हणून ओरडला असता तरी मला कळलं असतं, आणि ते त्यालाही माहीत होतं.

त्याने हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं.

एवढ्या महिन्यांनी सुरू झालेलं इंजिन! वेल्डर "अरे!" म्हणून धावला. पण बारक्याने त्याला थांबवलं. अंगणात एकदम शांत झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता काहीतरी येतंय. मी बोटं एकमेकांत अडकवली. त्याने ओठ ओले केले, मान किंचित खाली घातली, जसा खांबावर चढण्याआधी घालायचा, आणि एकेक शब्द नीट जागेवर ठेवत म्हणाला,

"ताई. बाजूला. हो."

तीन शब्द सलग. आजारपणानंतरचं पहिलं वाक्य, आणि ते असलं. वेल्डर फिसकन हसला. थेरपिस्टने तोंडावर हात धरला, तिचे डोळे भरून आले होते. मी मात्र उभीच राहिले. मला वाईट वाटत होतं का आनंद होत होता, खरं सांगते, दोन्ही इतकं एकत्र होतं की वेगळं करता येईना. साठ वर्षं मी त्याच्या पुढे उभी होते. तो कधी म्हणाला नव्हता, कारण म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. आणि आज त्यासाठी त्याने स्वतःचा ट्रॅक्टर बंद केला होता.

"काय म्हणालास?" मी विचारलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही. पुन्हा ऐकायचं होतं म्हणून.

"बाजूला हो," तो म्हणाला, आता जरा चिडून, आणि हे वाक्य पहिल्यापेक्षा भराभर आलं.

मी बाजूला झाले. वेल्डरने दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, आणि बारक्या माझ्या शेजारून अंगणात गेला. उजवीकडून गेला. खड्ड्यात एक चाक गेलं, ट्रॅक्टर कलला, माझ्या तोंडाशी सगळं आलं आणि मी ते तिथेच धरून ठेवलं. त्याने स्टिअरिंग डाव्या हाताने ओढलं, चाक वर आलं, आणि तो कुंपणाकडे वळला. मी दाराच्या कडेला उभी राहून डोळे पुसत होते, आणि तो पुढच्या फेरीला माझ्याजवळून जाताना काहीतरी ओरडला. इंजिनाच्या आवाजात मला ते कळलं नाही. खरंच कळलं नाही. म्हणून मी तो थांबेपर्यंत वाट बघत राहिले.